पिझ्झा पोचवणारा ९९ नंबर: जे. जे. वॉट कॉलेजमध्ये नक्की काय करत होता?

परवा एका मित्राला अमेरिकन फुटबॉलची एक क्लिप दाखवत होतो, तर तो म्हणे, अरे हा ९९ नंबरवाला बॉलला हातच लावत नाहीये, नुसता समोरच्याला ढकलतोय, मग स्टेडियममध्ये अर्धी पब्लिक याचीच जर्सी घालून का बसलीय? प्रश्न रास्त होता, आणि मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. चहा संपला, तो गेला, आणि मग मला सगळं सुचायला लागलं, नेहमीसारखं. तर हे ते उत्तर. आणि उत्तर द्यायला मी जे. जे. वॉटचीच कॉलेजची वर्षं घेतोय, कारण डिफेन्सवाल्या खेळाडूचं करिअर सुरुवातीला कसं उभं राहतं हे याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कोणात दिसत नाही, निदान मला तरी.

आधी खेळ, पटकन. दोन्ही बाजूंनी ११-११ माणसं. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर पुढे सरकायला चार चान्स मिळतात, एकेका चान्सला डाऊन म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा नवे चार. बॉलवाली बाजू म्हणजे ऑफेन्स, अडवणारी बाजू म्हणजे डिफेन्स. आणि आपल्याला पहिल्यांदा बघताना जे विचित्र वाटतं ते हे की या दोन बाजूंची माणसंच वेगळी असतात. क्रिकेटमध्ये बॉलरलासुद्धा शेवटी पॅड बांधून यावं लागतं, इथे तसं नाही, डिफेन्सवाला आयुष्यभर फक्त अडवतो, आणि आपल्या टीमकडे बॉल आला की बाकावर जाऊन पाणी पीत बसतो.

वॉटची जागा डिफेन्सिव्ह एन्ड. म्हणजे समोरासमोर दोन भिंती उभ्या असतात ना, त्यातल्या डिफेन्सच्या भिंतीचं अगदी टोक. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू असतो तसं काहीसं समजा. याला कामं दोन. समोरच्याने पळायचं ठरवलं तर बाहेरची कड सोडायची नाही, पळणाऱ्याला आत गर्दीत ढकलायचं. आणि समोरच्याने बॉल फेकायचं ठरवलं तर फेकणाऱ्यापर्यंत, म्हणजे क्वार्टरबॅकपर्यंत, त्याच्या हातून बॉल सुटायच्या आत पोचायचं. वेळ किती? अडीच-तीन सेकंद. आणि मध्ये १४० किलोचा एक गडी उभा, ज्याचं पोट फक्त तुम्हाला थांबवण्यावर चालतं.

क्वार्टरबॅकला बॉल हातात असतानाच मागच्या मागे पाडलं की त्याला सॅक म्हणतात (पाठीवरची सॅक नव्हे). टीव्हीवर दिसतो तो सॅक, आकडा लक्षात राहतो तोही सॅकचा. पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, टॅकल फॉर लॉस. बॉल घेतलेल्या कुणालाही, क्वार्टरबॅक असो की पळणारा, खेळ जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच पाडलं तर तो यात धरतात. सॅकही यातच मोजला जातो. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि तिसरी गोष्ट आहे जिला आकडाच नाही: दोन-दोन जणांना अंगावर घेऊन अडकवून ठेवायचं, म्हणजे भिंतीच्या मागे उभा असलेला खेळाडू, लाईनबॅकर, मोकळा सुटतो आणि तो टॅकल करतो, म्हणजे बॉलवाल्याला पाडतो. नाव त्याचं, घाम याचा. माझ्या मित्राला "नुसता ढकलतोय" दिसलं ते हेच.

आता माणसाकडे येऊ.

जस्टिन जेम्स वॉट, जन्म २२ मार्च १९८९, विस्कॉन्सिन राज्यातलं वॉकेशा. वाढला जवळच्याच पेवॉकीत, मिलवॉकी शहराच्या पश्चिमेला. वडील फायरब्रिगेडमध्ये. तीन भाऊ, जे. जे. थोरला. लहानपणी आईस हॉकी खेळायचा, थंड मुलखातली पोरं खेळतात तशी, साधारण १३ वर्षांचा होईपर्यंत. मग ते मागे पडलं आणि फुटबॉल उरला. शाळेत दोन्हीकडे खेळला, ऑफेन्समध्ये टाइट एन्ड आणि डिफेन्समध्ये एन्ड. टाइट एन्ड म्हणजे अर्धा धक्काबुक्की करणारा आणि अर्धा बॉल झेलणारा, अंगाने दांडगा पण हात चांगले असलेला माणूस. हे "हात चांगले" पण लक्षात ठेवा.

अमेरिकेत शाळेतून कॉलेजात जाताना या पोरांना ताऱ्यांत मोजतात, पाच तारे म्हणजे सगळ्या देशाची नजर तुझ्यावर. वॉटला दोन तारे होते. दोन ताऱ्यांचं पोरगं म्हणजे, बघू, उंच आहे, काहीतरी होईल. मोठी कॉलेजं मागे लागली नाहीत, आणि तो २००७ मध्ये मिशिगन राज्यातल्या माउंट प्लेझंटला, सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटीत गेला, पूर्ण स्कॉलरशिपवर. खेळायचं होतं टाइट एन्ड. पहिल्याच वर्षी १४ मॅच खेळला, म्हणजे बाकावर बसवलेला नव्हता, पण अख्ख्या सीझनमध्ये कॅच किती तर ८. एकूण ७७ यार्ड.

इथे जरा थांबायला पाहिजे, कारण पुढे त्याने जे केलं ते समजायला स्कॉलरशिप म्हणजे काय हे माहीत असावं लागतं. तिकडे कॉलेजची फी भयंकर असते हे आपल्याकडे ज्यांची पोरं गेलीत त्यांना सांगायला नको. फुटबॉलची पूर्ण स्कॉलरशिप म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं माफ. त्या काळी वरच्या श्रेणीतल्या प्रत्येक टीमला अशा ८५ स्कॉलरशिप देता यायच्या, एकही जास्त नाही. पण टीममध्ये माणसं शंभराच्या वर. मग उरलेले कोण? तर ते वॉक-ऑन. नावातच आहे, चालत आलेले, बोलावलेले नाहीत. सराव तोच, मार तोच, पहाटे उठून वजनं उचलायची तीच, फक्त फी स्वतःची भरायची आणि मॅचमध्ये उतरवतीलच याची गॅरंटी नाही.

वॉटने सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप सोडली आणि मॅडिसनला, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत, आपल्याच राज्याच्या टीममध्ये, वॉक-ऑन म्हणून जायचं ठरवलं. म्हणजे फुकटचं शिक्षण, हातातली जागा, सगळं सोडून, स्वतःच्या खर्चाने, जिथे आपल्याला कोणी बोलावलेलं नाही तिथे. आपल्या घरात असं कोणी जेवणाच्या टेबलावर सांगितलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. त्याच्या आईवडिलांनी पाठिंबा दिला, पैशाची जुळवाजुळव केली.

मधल्या काळात तो घरी पेवॉकीला आला आणि पिझ्झा हटमध्ये डिलिव्हरीचं काम करायला लागला. त्याने स्वतः पुढे कितीदा तरी सांगितलेला किस्सा आहे: एका घरी पिझ्झा द्यायला गेला, दार उघडलं लहान पोराने, आणि पोराने ओळखलं की हा तर फुटबॉलवाला वॉट, मग हा आपल्याकडे पिझ्झा घेऊन का उभा आहे? पोरांना निरागसपणे नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवता येतं. आता हा किस्सा इतका गाजला की वॉटवरच्या प्रत्येक लेखात येतोच, आणि खरं सांगू का, मला तो जरा जास्तच वापरला गेल्यासारखा वाटतो, कारण पिझ्झावाले दिवस सांगायला गोड आहेत पण खरं काम झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी, ज्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही कारण त्या वर्षी तो एकही मॅच खेळला नाही.

२००८. त्या वेळचा नियम असा की एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेलात की एक सीझन बाहेर बसायचं. सराव करा, मॅच नाही. याला जोडून आणखी एक भानगड आहे, रेडशर्ट नावाची: कॉलेजच्या खेळाडूला चार सीझन खेळता येतात पण ते पाच वर्षांत कधीही, म्हणजे एक वर्ष न खेळता घालवलं तरी खेळायचे सीझन तेवढेच शिल्लक राहतात. (आता हे चित्र पार बदललंय. २०२१ पासून ट्रान्सफर घेऊन लगेच खेळता येतं, त्याच वर्षीपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात, आणि २०२५ पासून तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात आणि ८५ स्कॉलरशिपची ती मर्यादा जाऊन टीमच १०५ जणांची अशी मर्यादा आलीय. वॉटसारखा वर्षभर थांबलेला माणूस आज सापडणं कठीण, सरळ दुसरीकडे जाऊन खेळायला लागेल.)

तर मग बाहेर बसलेल्यांनी करायचं काय? स्काऊट टीम. हे आपल्याला एकदम समजेल: नेट बॉलर. पुढच्या शनिवारी समोर जी टीम येणार तिच्यासारखं खेळायचं, तिचे डाव खोटे खोटे मांडायचे, म्हणजे आपल्या मुख्य टीमचा सराव होईल. तुमच्या नावाने कोणी टाळ्या वाजवत नाही, आकडे कुठे नोंदले जात नाहीत. पण नेट बॉलरचा फायदा काय असतो? त्याला रोज मोठमोठ्या बॅट्समनना बॉल टाकायला मिळतो. वॉटला इथे डिफेन्सिव्ह एन्ड केलं, आणि स्काऊट टीमचा डिफेन्स म्हणून तो रोज विस्कॉन्सिनच्या पहिल्या फळीच्या ऑफेन्सिव्ह लाईनसमोर, म्हणजे ऑफेन्सच्या भिंतीसमोर, उभा राहायला लागला. आणि विस्कॉन्सिनची लाईन म्हणजे साधी नाही, ते राज्यच या दांडग्या गड्यांसाठी प्रसिद्ध, त्या लाईनमध्ये तेव्हा गेब करीमी होता ज्याने पुढे २०१० मध्ये देशातल्या सर्वोत्तम लाईनमनची आउटलंड ट्रॉफी जिंकली. म्हणजे शनिवारी मॅच नाही, पण सोमवार ते शुक्रवार देशातल्या उत्तम लाईनींपैकी एकीशी झोंबाझोंबी. सीझन संपल्यावर त्याला स्काऊट टीमचा प्लेअर ऑफ द इयर केलं. टीमच्या बाहेर कुणाला या पुरस्काराचं काही पडलेलं नसतं. आतल्यांना असतं.

आणि विस्कॉन्सिनच का, तर तिथे वॉक-ऑनला कमी लेखायची पद्धत नव्हती. १९९० पासून कोच असलेल्या बॅरी अल्वारेझने हे मुद्दाम रुजवलं होतं, राज्यातली गावाकडची पोरं चालत येऊ देत, त्यातून माणूस निघतो. जिम लेनहार्ड नावाचा एक जेमतेम उंचीचा पोरगा असाच वॉक-ऑन आला आणि २१ इंटरसेप्शन (समोरच्याने फेकलेला बॉल मध्येच झेलणं) घेऊन कॉलेजच्या विक्रमाची बरोबरी करून गेला. वॉटच्या वेळचा हेड कोच ब्रेट बिलेमा स्वतः आयोवा कॉलेजात वॉक-ऑन होता आणि तोही डिफेन्सिव्ह लाईनमध्ये. म्हणजे उपाशी माणसाची भूक ओळखणारा माणूस वर बसलेला होता.

२००९ ला अखेर मैदान. सगळ्या १३ मॅच सुरुवातीपासून खेळला. आकडे: ४४ टॅकल, ४.५ सॅक. (अर्धा सॅक कसा, तर दोघांनी मिळून पाडला की अर्धा अर्धा वाटून देतात.) ४.५ बघून कोणी म्हणेल, हॅ, यात काय. त्याच टीममध्ये दुसऱ्या टोकाला ओब्रायन स्कोफिल्ड होता, त्याचे १२. सगळी चर्चा स्कोफिल्डची आणि ती बरोबरच होती. पण मघाचा दुसरा आकडा बघा, टॅकल फॉर लॉस: वॉटचे १५.५. म्हणजे सॅक सोडून उरलेले ११, पळणाऱ्या माणसाला रेषेच्या मागेच पाडलेले. जो माणूस सॅकच्या मोहात नुसता क्वार्टरबॅककडे धावत सुटतो त्याला हे जमत नाही, कारण तो कड सोडतो आणि पळणारा बरोबर त्याच भोकातून निसटतो. वॉट आधी कड सांभाळत होता. हायलाईटमध्ये हे येत नाही, कोच मात्र रात्री टेप लावून हेच बघत असतात.

२०१० ला स्कोफिल्ड गेलेला, त्यामुळे समोरच्या टीमचं सगळं लक्ष आता याच्यावर. असं झालं की आकडे पडायला पाहिजेत. याचे वाढले. ६२ टॅकल, २१ टॅकल फॉर लॉस, ७ सॅक, ३ वेळा समोरच्याच्या हातून बॉल पाडला, एक इंटरसेप्शन, आणि ९ पास हवेत अडवले.

हे शेवटचं जरा समजून घ्या, कारण वॉटची खरी सही तीच. लाईनमधल्या माणसाने पास अडवायचा म्हणजे काय? तो तर बॉल झेलणाऱ्यांपासून लांब, मध्ये गर्दीत. पण बघा, क्वार्टरबॅकला बॉल टाकायचाय तो या गर्दीच्या डोक्यावरूनच टाकावा लागतो. आपण त्याच्यापर्यंत वेळेत पोचणार नाही हे कळलं की बहुतेक जण तरीही ढकलत राहतात. वॉट थांबायचा, त्याचे डोळे आणि खांदा बघायचा, आणि हात सुटायच्या क्षणी उडी मारून स्वतःचा हात वर. सहा फूट पाच इंच माणूस, वर लांब हात, वर उडी. बॉल थपडीसारखा खाली. हरलेला डाव अर्ध्या सेकंदात वसूल. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, यावरून त्याचं नावच पडलं, जे. जे. स्वॉट, स्वॉट म्हणजे माशी मारतात तशी चापट.

१६ ऑक्टोबर २०१०, मॅडिसनचं कॅम्प रँडल स्टेडियम, ८० हजार लोक, समोर ओहायो स्टेट, देशात पहिल्या नंबरची टीम. विस्कॉन्सिनने पहिलीच किक झेलून थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे समोरच्याच्या टोकाच्या गोललाईनपलीकडे, पळवून नेली आणि मॅच ३१-१८ जिंकली. वॉटने त्या दिवशी टेरेल प्रायरला, म्हणजे पळण्यात वाऱ्यासारख्या क्वार्टरबॅकला, दोनदा सॅक केलं. बरोबर एका आठवड्याने आयोवात मॅच होती, निकाल ३१-३०, विस्कॉन्सिन एका पॉईंटने जिंकलं. टचडाऊनचे ६ पॉईंट मिळाल्यावर एक जास्तीचा पॉईंट किक मारून घेतात, १०० तल्या ९५ वेळा तो मिळतोच, लोक तेवढ्यात वेफर्स आणायला जातात. त्या मॅचमध्ये आयोवाची अशी एक किक वॉटने हाताने अडवली होती. एक पॉईंट. आता सांगा हा आकड्यांच्या कुठल्या रकान्यात मांडणार.

सीझनच्या शेवटी त्याला लॉट ट्रॉफी मिळाली, डिफेन्सच्या खेळाडूंसाठीची, ज्यात खेळाबरोबर वागणूक आणि अभ्यासही बघतात. टीम ११ मॅच जिंकून रोज बोलला, म्हणजे सीझननंतरच्या एका मानाच्या मॅचला, गेली.

१ जानेवारी २०११, पॅसाडिना, समोर टेक्सासमधली टीसीयू, तिचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टन. विस्कॉन्सिन २१-१३ ने मागे, शेवटची दोन मिनिटं राहिली असताना टचडाऊन मारलं, २१-१९. बरोबरीसाठी एकाच प्रयत्नात दोन पॉईंट घ्यायचे. पास टाकला, आणि टीसीयूच्या टँक कार्डर नावाच्या लाईनबॅकरने उडी मारून हाताने तो खाली पाडला. संपलं. वॉटने वर्षभर दुसऱ्यांना जे केलं तेच शेवटच्या मॅचमध्ये त्याच्या टीमला झालं, आणि तेव्हा ऑफेन्स मैदानात असल्यामुळे हा बाजूला उभा राहून बघत होता. डिफेन्सवाल्याच्या नशिबी हेही असतं.

त्याचं खेळायचं एक वर्ष अजून शिल्लक होतं पण त्याने एनएफएलचा ड्राफ्ट धरला. ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे, आयपीएलसारखे पैसे लावत नाहीत, टीम ओळीने एकेक खेळाडू निवडतात, आणि गेल्या वर्षी जी सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. त्याआधी कम्बाईन नावाची तपासणी होते, सैन्यभरतीला मोजतात तसं सगळं मोजतात. वॉटचं वजन २९० पौंड, म्हणजे १३० किलोच्या वर, आणि या वजनाने उभ्या जागेवरून ३७ इंच उंच उडी. २२५ पौंडांचा बार ३४ वेळा उचलला. जिना चढताना मला दम लागतो, असो.

२८ एप्रिल २०११. पहिला कॅम न्यूटन, दुसरा व्हॉन मिलर, आणि अकरावा जे. जे. वॉट, टीम ह्यूस्टन टेक्सन्स. ह्यूस्टनमध्ये ड्राफ्ट बघायला जमलेल्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा, कॉलेजच्या दोन सीझनचे मिळून ११.५ सॅक, नाव फारसं ऐकलेलं नाही, त्यांनी सॅकचा रकाना बघितला होता. ३६.५ टॅकल फॉर लॉस, तेही २६ मॅचमध्ये, हा रकाना निवडणाऱ्यांनी बघितला होता.

वॉटच्या पहिल्याच वर्षी टेक्सन्स प्लेऑफला पोचले, टीमच्या इतिहासात पहिल्यांदा. ७ जानेवारी २०१२, समोर सिनसिनाटी बेंगल्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक कोण? अँडी डाल्टन. रोज बोलला बरोबर एक वर्ष आणि सहा दिवस झाले होते. हाफटाईमच्या जरा आधी डाल्टनने पास टाकला, वॉट पाच-सहा फुटांवर, हात वर गेले, पण या वेळी थप्पड नाही मारली. झेलला. इतक्या जवळून, इतक्या वेगाने आलेला बॉल सरळ हातात धरला आणि २९ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केलं. ह्यूस्टन ३१-१० जिंकलं. ज्यांनी हुर्यो उडवली होती त्यातले निम्मे तरी त्या स्टेडियममध्ये उभे राहून ओरडत असतील.

तो कॅच लाईनमनचा नव्हता हो. तो टाइट एन्डचा कॅच होता. पुढे तीनदा लीगमधला सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू झाल्यावर, २०१२, २०१४ आणि २०१५, हे सगळ्यांना माहीत झालं, पण २०१४ ची एक गंमत कमी लोकांना आठवते. त्या वर्षी टेक्सन्सनी अगदी गोललाईनजवळ असताना त्याला मधूनच ऑफेन्समध्ये उभं करायला सुरुवात केली, टाइट एन्ड म्हणून. अख्ख्या सीझनमध्ये त्याने कॅच घेतले तीन, आणि तिन्ही टचडाऊन.